व्यंकटरावांची शेरवानी

व्यंकटरावांबरोबर मी जुन्या सामानाच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली, पण दुकानात त्यांचा गळा मला कधी दिसला नाही. शेरवानीचा वरचा हुक कायम लावलेला. वैशाखात शहागंजातली कुत्री नालीत जाऊन बसत, हमाल उघड्या अंगानं ओल्या गोणपाटावर पडत, मी बनियनवर गल्ल्याशी बसे. आणि हा माणूस काळ्या, अस्तर लावलेल्या शेरवानीत, पाठीला थोडा बाक देऊन, उर्दू पेपर छातीशी धरून दारातल्या खुर्चीवर. कानशिलावरून घाम ओघळून हुकापाशी जमायचा. बघूनच मला गुदमरायला व्हायचं.

"व्यंकटराव, वरचा हुक तरी सोडा. इथं कोन बघायलंय तुमाला?"

"मी बरा आहे, सखाराम. तुम्ही पाणी प्या."

मग मी चिडायचो. माणूस मुद्दाम स्वतःला छळताना दिसला की मला राग येतो.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात गुलमंडीवर एका ओळखीच्याकडं चहा घेत बसलो होतो. निजामाच्या दिवसांचा विषय निघाला. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा जन्मलेही नव्हते असे एक गृहस्थ सांगू लागले, की आपल्यातलेही काही हलकट शेवटपर्यंत निजामाचे पाय चाटत होते. शहागंजात एक बामण तर मरेपर्यंत शेरवानी घालून फिरायचा. मी चहाचा कप त्यांच्या अंगावर फेकला. लोकांनी मला धरलं. "शेठ, वय बघा," म्हणाले. वय बघूनच कप फेकला. तरुणपणी खुर्ची फेकली असती.

तोंडानं मात्र मी काही बोललो नाही. जे सांगायचं होतं ते चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं. व्यंकटरावांच्या थोरल्या बहिणीनं, गोदाताईंनी, मला बजावून ठेवलं होतं, "मी आहे तोवर गप्प राहा, भाऊ. मी गेले की सांगा. सगळं सांगा, काही झाकू नका. झाकण्यातच आयुष्य गेलं आमचं." गोदाताई गेल्या. आता मी मोकळा आहे.

सोयगावाकडून मी शहरात आलो तो पोलीस अॅक्शननंतर लगेच. हातात काही नव्हतं, जीभ होती. जहागिरदारांच्या देवड्या, म्हणजे मोठाले वाडे, तेव्हा रिकाम्या होत होत्या. कुणी हैदराबादला चाललं होतं, कुणी कराचीला. झुंबरं, बिलोरी आरसे, शिसवी पलंग बरोबर नेता येत नव्हते. मी ते घ्यायचो आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना विकायचो. घासाघीस मला येत होती. पण घरातलं सामान विकायला काढलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते येत नव्हतं. एका देवडीत मी झुंबराला "काचेचं लोढणं" म्हणालो आणि तिथल्या म्हाताऱ्या नवाबानं मला हाकलून दिलं. जिन्यात एक शेरवानीवाला उभा होता. नवाबाच्या जमिनीचे उर्दू कागद लावून द्यायला आलेला. मला म्हणाला, "आपण जरा थांबा," आणि वर गेला. थोड्या वेळानं नवाब स्वतः जिन्याच्या तोंडाशी आला आणि मला चहाला बोलावलं. झुंबर मी मनात धरलेल्या भावाच्याही खाली मिळालं.

"काय जादू केली हो?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"काही नाही. हे झुंबर पहिल्यांदा कुणाच्या लग्नात लावलं होतं, एवढं विचारलं. ते त्यांच्या अम्मीजानच्या लग्नाचं सांगत बसले. मी ऐकत बसलो."

असा माणूस मी सोडतो काय? दुसऱ्या दिवसापासून व्यंकटराव माझ्या दुकानात.

त्याआधी ते तहसील कचेरीत पेशकार होते. राज्य बदललं, नवे साहेब आले. त्यांनी हुकूम काढला की हा निजामी झगा घालून कचेरीत यायचं नाही. सगळ्यांनी रातोरात शेरवान्या पेटीत टाकल्या. परवापर्यंत रूमी टोपी घालणारे गांधी टोपी घालून हजर झाले. व्यंकटराव शेरवानीतच गेले. ताकीद मिळाली, तरी शेरवानीतच गेले. मग त्यांना जायची गरज राहिली नाही.

"एका कपड्यापायी सरकारी नोकरी घालवली?" मी म्हणालो. "बंद गळ्याचा कोट शिवायचा की. त्यानं काय अंगाला काटे टोचले असते?"

"सवय असते एकेकाची," म्हणाले आणि पेपर वर उचलला.

मी ते माझ्या हिशेबानं समजून घेतलं. असेल त्यांचं निजामावर प्रेम, असो. मला त्यांची जीभ हवी होती.

ती जीभ म्हणजे साखरेचा पाक. हमालाला 'तुम्ही', भिकाऱ्याला 'तुम्ही', टांग्याच्या घोड्यालासुद्धा "जरा सरकता का" म्हणायचे. कुठल्याही देवडीत गेलं की सामानाला हात लावायच्या आधी त्याच्यापुढं क्षणभर उभे राहायचे. "आधी वस्तूला सलाम, सखाराम. किमतीला मग." मी भडकलो की माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये येऊन उभे राहायचे आणि माझीच शिवी अशा उर्दूत फिरवून सांगायचे की गिऱ्हाईक मला "शुक्रिया" म्हणायचं.

बाकी वागणं तऱ्हेवाईक. हात कधी डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. टांगलेली काचेची हंडी काढायची तर दुसऱ्याला सांगायचे. गर्दीत सगळ्यांच्या मागून चालायचे. कोरड्या दिवसातही छत्री बरोबर, आणि ती पोटाशी आडवी धरलेली. पळताना त्यांना कुणी पाहिलं नाही. एकदा आमच्या गल्लीत बैल उधळला. सगळे दुकानांत शिरले, मी गल्ल्यावर चढलो. व्यंकटराव भिंतीला पाठ लावून, छातीवर हात बांधून जागच्या जागी उभे. बैल हातभर अंतरावरून गेला. मी ओरडलो, "पळता येत नाय का तुमाला?" ते म्हणाले, "नाही येत." मला वाटलं, नवाबी ऐट.

लोकांनाही तेच वाटत होतं. चौकातल्या हॉटेलात त्यांना 'नवाबसाहेब' म्हणत. "काय नवाबसाहेब, निजाम कधी येनार परत? बिछायत घालून ठिवावी म्हनतो." व्यंकटराव हसायचे. हसणंही कसं, आवाज नाही, अंग हलू न देता. एका झेंडावंदनाला आमच्या भागातले एक पुढारी भाषण करता करता त्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "बघा, ह्या शेरवानीत अजून एक रझाकार लपलाय!" लोक खदाखदा हसले. व्यंकटराव उभे राहिले, अदबीनं झुकले आणि म्हणाले, "लपलंय खरं कुणीतरी, साहेब. पण रझाकार नाही." मला ते उत्तर एवढं आवडलं की दुकानापर्यंत मी हसत आलो. ते हसले नाहीत.

मुसलमान तरी त्यांना आपलं मानत असतील असं वाटेल. तेही नाही. आमचे एक जुने गिऱ्हाईक होते, मिर्झासाहेब. व्यंकटरावांच्या उर्दूवर जीव टाकायचे. ईदच्या दिवशी मिर्झासाहेब स्वतः दुकानात आले, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. डबा माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात पसरून व्यंकटरावांकडं गेले, गळाभेटीला. व्यंकटराव मागं सरकले. मिर्झासाहेब आणखी पुढं. व्यंकटराव कपाटाला जाऊन टेकले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, अंगावर येणाऱ्या माणसाला अडवावं तसे.

मिर्झासाहेबांचे हात खाली आले. "क्या पंडितजी," ते म्हणाले, "जबान हमारी चलती, लिबास हमारा चलता. गले मिलने कू छूत लगती क्या?"

व्यंकटरावांनी पुढं धरलेले हात तसेच जोडले. मिर्झासाहेब गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या देवडीतला आरसा मी वर्षभर डोळ्यांत धरला होता, तो दुसऱ्यानं नेला. मी व्यंकटरावांना तोंडाला येईल ते बोललो. "हिंदूंत तुमी निजामाचे, मुसलमानांत तुमी सोवळ्याचे. तुमचं नेमकं हाय तरी कुनाशी?"

"कुणाशीच नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो, सखाराम. कुणाशीच नाही."

श्रावणात एकदा मी दुकानातल्या सगळ्यांना वेरूळला घेऊन गेलो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातला सदरा काढून जायचं असतं. आम्ही सगळे भराभर उघडे झालो, रांगेत लागलो. व्यंकटराव सभामंडपाच्या बाहेर हात जोडून उभे. पुजाऱ्यानं हटकलं, "काढा की ते. देवापुढं कसली ऐट?" ते म्हणाले, "इथून दिसतो देव." रांगेतला एक शेतकरी आपल्या बायकोला म्हणाला, "बग, दर्शन नगं पर कोट पायजे."

त्यानंतर त्यांचे वडील वारले. मी खाम नदीच्या काठी मसणवट्यात गेलो होतो. थोरला मुलगा म्हणून अग्नी व्यंकटरावांनी द्यायचा. भटजी म्हणाले, अंगावर फक्त धोतर ठेवा. व्यंकटराव उभेच. चुलते पुढं झाले, म्हणाले, "व्यंकू, काढ ते." ते हलले नाहीत. भटजी म्हणाले, उपरणं घ्या हवं तर. तेही नाही. लोक कुजबुजू लागले, ऊन चढत होतं, तिरडी खाली तशीच. शेवटी त्यांनी धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढं केलं, आणि आपण लांब जाऊन एका दगडाशी शेरवानीत उभे राहिले. पाठ आमच्याकडं. परत येताना चुलत्यांनी सगळ्यांच्या देखत त्यांना सांगितलं, "निजामाचा कपडा बापाच्या चितेपुढंही उतरला नाही तुझा. आमच्या दाराशी येऊ नको." धाकटा भाऊसुद्धा नंतर बोलेनासा झाला. राहिल्या फक्त गोदाताई. त्या लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या, व्यंकटराव बिनलग्नाचे. खडकेश्वराकडं दोन खोल्यांत ती बहीण-भावंडं राहायची.

गोदाताई दुकानात कधी येत नसत. एका दुपारी आल्या. व्यंकटराव गुलमंडीवरच्या एका गिऱ्हाइकाकडं गेले होते. त्या एका कोचाच्या कडेला बसल्या, पदर हातात पिळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या छातीतून रक्त येतंय."

"दमा म्हनत होते ते. खोकल्यातून का?"

"खोकल्यातून नाही. छातीतून." त्यांनी मान खाली घातली. "बायकांना असते ना, तशी छाती आहे त्याला. वयात आल्यापासून."

मी गल्ल्यावरून उठलो आणि पुन्हा बसलो.

त्यांनी सगळं सांगितलं. मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्या छातीवर सूज आली. विहिरीवर पोहायला गेले तेव्हा बरोबरीच्यांनी धरून चिमटे काढले, नावं ठेवली. त्यानंतर ते पोहायला गेले नाहीत. वडिलांनी हकिमाचा लेप आणला, वैद्याचा काढा आणला. मग "वयानं जाईल" म्हणून विषय बंद केला. वयानं गेलं नाही, वाढलं. ते पाठीत वाकून चालू लागले. पुढं हैदराबादला शिकायला गेले, तिथं शेरवानी घालावी लागायची. एका म्हाताऱ्या दर्ज्यानं माप घेतलं, काही विचारलं नाही, आणि छातीला आतून जाड कॅनव्हास घालून अशी शेरवानी शिवली की वरून काही कळू नये.

"सुट्टीत घरी आला ती शेरवानी घालून," गोदाताई म्हणाल्या. "पहिल्यांदा त्याला मान वर करून चालताना पाहिलं मी. निजामाचं काय घेऊन बसलेत लोक, भाऊ. त्याच्यासाठी तो कपडा म्हणजे घर होतं."

तो दर्जी पोलीस अॅक्शननंतर कुठं गेला ते कळलं नाही. नवा कोट म्हणजे नवा दर्जी, आणि नवा दर्जी म्हणजे नवं माप. म्हणून कोट शिवला नाही. होत्या त्या तीन शेरवान्या ते स्वतः रफू करून वापरत आले. लग्न ठरलं होतं एकदा. हळदीला उघडं बसावं लागणार म्हणून आदल्या दिवशी घरातून निघून गेले. शेरवानीच्या आत ते छातीला कापडाचा पट्टा आवळून बांधत. डावीकडं कडक गाठ लागली तेव्हा त्यांना वाटलं, पट्ट्यानं दाबून दाबून घट्टा पडलाय. पायाला पडतो तसा. म्हणून पट्टा आणखी आवळला. आता तिथं जखम होऊन रक्त येत होतं. एका डॉक्टरकडं ते जात होते, पण दमा सांगून. आणि तो डॉक्टर शेरवानीवरूनच नळी लावून कफाचं औषध द्यायचा.

मी घाई केली नाही असं एकदाच आयुष्यात घडलं. व्यंकटराव परत आले तेव्हा मी दुकानाची फळी ओढली, हमालांना बाहेर पाठवलं. म्हणालो, "गोदाताई येऊन गेल्या. उद्या सरकारी दवाखान्यात जायचं." वाटलं होतं, ते उठून जातील. ते खुर्चीत बसले. मग धंद्यातल्यासारखंच म्हणाले, "येतो. माझी एक अट आहे. दोन्ही काढायला सांगा."

"काय?"

"एका बाजूला आजार असेल. कापायचंच आहे तर दोन्ही कापा म्हणावं. आजार झालाय तर निदान तेवढं तरी पदरात पडू दे." आणि पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात लालूच ऐकू आली. "तुम्ही बोललात तर होईल, सखाराम. तुम्ही आजवर कुठला सौदा सोडलाय?"

दवाखान्यात तपासणी झाली. सर्जन तरुण होता, पुण्याकडचा, बोलण्यात कात्री. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कॅन्सर आहे. स्तनाचा."

"बाप्याला?"

"ग्रंथी पुरुषालाही असते. मुलग्यांची वयात येताना थोडी फुगते, बहुतेकांची पुढं आपोआप बसते. यांची बसली नाही. त्यात विचित्र काही नाही, तो रोगही नाही. रोग आता झालाय, डावीकडं. पुरुषांना क्वचित होतो, पण होतो."

"पट्टा आवळून झाला का?"

"पट्ट्यानं होत नाही. पट्ट्यामुळं उशीर झाला. पुष्कळ उशीर."

मी म्हणालो, "मग दोन्ही काढून टाका."

"उजवीकडं काही नाही."

"काही नाय कसं? तेच तर हाय!"

मी त्याला समजावलं. माझ्या परीनं सगळं मांडलं, नोकरी, चिता, हळद. गोडीत बोललो, मग चढलो, मग पुन्हा उतरलो. तो म्हणाला, "मला समजतं. पण यांचा दम बघा, वय बघा. भूल जितकी कमी वेळ तितकं बरं. मी रोगावर सुरी चालवतो, लाजेवर नाही."

"लाजच रोग हाय त्यांचा! ह्यो दुसरा तर आत्ता आला!"

"आवाज कमी करा."

तेव्हा मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "ऱ्हाऊ द्या मग. आमी मुंबईला जातो," म्हणालो आणि उठून चालू लागलो. बाजारात मी असा हजारदा उठलोय. दारापर्यंत गेलं की मागून हाक येते. येतेच. मी दारापर्यंत गेलो. दाराला हात लावला. मागं तो सर्जन पुढच्या रोग्याचे कागद उलटत होता. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो, मग वळलो आणि परत त्याच्या टेबलाशी गेलो. त्या परत जाण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

व्यंकटरावांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं होतं. हनुवटीपर्यंत चादर ओढून पडले होते. मी पोचलो तेव्हा खाटेभोवती शिकणाऱ्या पोरांचा घोळका होता. दुर्मिळ केस म्हणून दाखवायला आणलेली. त्यांच्यातल्या मोठ्या डॉक्टरनं काही न विचारता चादर कमरेपर्यंत खाली ओढली. पोरं पुढं झुकली, बाजूच्या खाटांवरचे रोगी कोपरावर उठून बघायला लागले. व्यंकटराव वरच्या पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता. एक पोरगा ओठ दाबून हसला. मी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. वॉर्डबॉयनी मला सोडवलं. परत आलो तेव्हा चादर हनुवटीपर्यंत होती.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"अर्धा सौदा," मी म्हणालो. "डावं काढतो. उजव्याला हात लावत नाय."

ते उठून बसले. "मग बाहेर आल्यावर मी कसा दिसेन, सखाराम? दोन्हीकडं आहे तोवर लोकांना वाटतं, माणूस जाडा आहे. एकीकडं असेल आणि एकीकडं नसेल तर? ते कशानं झाकू?" त्यांनी खुंटीवरची शेरवानी मागितली. अंगात घातली, खालून गुंड्या लावू लागले. "चला. आहे ते बरं आहे."

गोदाताई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "व्यंकू, नोकरी गेली तेव्हा मी बोलले नाही. बाबांच्या वेळी बोलले नाही. तुझं झाकायला मी काकांशी भांडले, शेजारणींशी भांडले, देवाला खोटी कारणं सांगितली. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडं. आता मागते. त्या कपड्यात मरून मला एकटीला ठेवू नको."

व्यंकटरावांचे हात वरच्या हुकाशी थांबले होते. हुक लागत नव्हता की लावत नव्हते, कळलं नाही. मग त्यांनी एकेक गुंडी सोडायला सुरुवात केली. मी वॉर्डाबाहेर गेलो.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला, म्हणजे त्या वेळी वाचला. पुढं तो आजार परत आला, हाडांत उतरला, आणि त्या दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. त्यांच्या तिरडीमागं चालणाऱ्यांत त्यांच्या घरचं फारसं कुणी नव्हतं, एवढंच सांगतो. चौकातल्या हॉटेलात त्या दिवशीही कुणीतरी म्हणालं, "नवाबसाहेब गेले."

माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते ऑपरेशननंतर घरी आल्यावरचे व्यंकटराव. जखम सुकली होती, दुकानात यायचं म्हणत होते. मी त्यांना न्यायला टांगा घेऊन खडकेश्वराकडं गेलो. दार लोटलेलं होतं. व्यंकटराव खोलीच्या मध्यावर शेरवानी घालून उभे होते, वरच्या हुकापर्यंत बंद. उजवीकडं कापड भरलेलं, पूर्वीसारखं. डावीकडं ते आत बसलं होतं, त्याला तिरकी चुणी पडली होती. रस्त्यातल्या कुणालाही दिसली असती. त्यांच्या पायाशी गोदाताई पिंजलेला कापूस घेऊन बसल्या होत्या. मलमलीच्या तुकड्याची एक छोटी गोल उशी त्यांनी शिवली होती. त्यांनी ती वर दिली. व्यंकटरावांनी पाठ फिरवून दोन-तीन गुंड्या सोडल्या, उशी आत सारली, गुंड्या लावल्या आणि माझ्याकडं वळले. जे असू नये म्हणून आयुष्यभर जिवाचा आटापिटा केला, तेच ते आता कापसाचं करून आत ठेवत होते.

"सखाराम, तुमची नजर पक्की आहे," ते म्हणाले. "खरं सांगा. दोन्हीकडं सारखं दिसतं का?"

माझ्या तोंडापर्यंत शिव्या आल्या. त्या सर्जनला, त्या पुढाऱ्याला, त्या चुलत्याला, साऱ्या शहराला, आणि त्यांनासुद्धा. फेकून द्या ते, साध्या सदऱ्यात चला, बघू कोण काय म्हणतंय, असं ओरडावंसं वाटलं. पण ते उत्तराची वाट बघत होते. हात खाली, श्वास रोखलेला, उजेडाकडं तोंड करून.

मी दोन पावलं मागं गेलो. एक डोळा बारीक केला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, पुन्हा डावीकडं.

"डावीकडं अजून थोडा लागंल," मी म्हणालो.

गोदाताईंनी आणखी कापूस उचलला.